कॉर्नर आला की गोलरेषेवर खिळणारा गोलरक्षक

प्रश्न
नमस्कार. वडोदऱ्यात मी 14 वर्षांखालील मुलांना संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. आमचा गोलरक्षक समोरून येणारे फटके उत्तम अडवतो. परंतु बाजूने उंच क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेकडून गोलसमोर मारलेला चेंडू, आला की तो एकतर रेषेवर खिळून राहतो, नाहीतर चेंडू उडताक्षणी धावत सुटतो आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून लांबच्या खांबाकडे जातो. गेल्या दोन सामन्यांत असे तीन गोल झाले. त्यानंतर काठावरून पालकांनी इतका आरडाओरडा केला की आता तो पुढे यायलाच धजत नाही. झेल घेण्याचा सराव तर मी रोज घेतो. मग चुकते कुठे?

पहिले उत्तर
आपण सांगितलेली लक्षणे पाहता दोष हातांचा वाटत नाही. चेंडूची उंची आणि लांबी कळण्याआधीच तो निघतो, म्हणून आधी नजरेचा सराव हवा. आठवडाभर त्याला झेल घेऊच देऊ नका. आपण वीस क्रॉस मारावेत, त्याने जागेवरून न हलता चेंडू कुठे पडेल हे ओळखून ‘माझा’ किंवा ‘बाहेर’ असे मोठ्याने सांगावे, आणि चेंडू पडल्यावर दोघांनी मिळून पडताळावे. पायांची पाळी त्यानंतरची: उशिरा निघायचे, पण निघाल्यावर थांबायचे नाही.

उभे राहण्याची जागाही तपासा. चेंडू बाजूरेषेजवळ असताना त्याने गोलच्या मध्यापासून किंचित लांबच्या खांबाकडे सरकून, रेषेच्या दोन-तीन पावले पुढे, अर्धी छाती मैदानाकडे ठेवून उभे राहावे. कारण पुढे धावणे सोपे असते, तर उलट्या पावलांनी मागे जाताना उडीच मारता येत नाही. उजव्या पायाने मारणाऱ्या हल्लेखोराने स्वतःच्या डावीकडून मारलेला चेंडू बहुधा गोलकडे वळतो आणि उजवीकडून मारलेला गोलपासून दूर जातो, हेही त्याला पाठ असावे. दूर जाणाऱ्या चेंडूमागे मुले हमखास फसतात.

दुसरे उत्तर
वरील मताशी मी सहमत आहे. केवळ वाऱ्याची भर घालतो. उत्तरायणात पतंग उडवणाऱ्या आपल्या मुलांना ठाऊक असते की छपराच्या उंचीवरचा वारा आणि अंगणातला वारा सारखा नसतो. मोकळ्या मैदानावर उंच क्रॉसचे तेच होते. सामन्याआधी दोन्ही बाजूंनी पाच-सहा उंच चेंडू मारून त्याला वारा पाहू द्या.

उडी एका पायावर घ्यावी, गर्दीच्या बाजूचा गुडघा वर यावा आणि चेंडू कपाळाच्या पुढे, हात पूर्ण उंचावून धरावा. गर्दीत धरणे अशक्य असेल तर दोन्ही मुठी जोडून चेंडू आला त्याच दिशेला, उंच आणि लांब ठोसावा. ओल्या चेंडूच्या दिवसांत तर मी मुठीच शिकवतो.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मात्र मुठी आधी शिकवल्या तर तो झेल टाळू लागेल, अशी मला भीती वाटते. शिवाय बचावपटू त्याच्याच वाटेत उभे राहतात.

पहिले उत्तर देणारे
भीती रास्त आहे. कोरड्या चेंडूवर आधी झेलच पक्का करा. मुठी पावसाळ्यापर्यंत थांबू शकतात. वाटेत उभ्या राहणाऱ्या बचावपटूंसाठी हाकेचा करार हवा: ‘कीपर’ ऐकू आले की त्यांनी वाट मोकळी करून गोल झाकायचा, ‘बाहेर’ ऐकू आले की चेंडू दूर मारायचा. गर्दीही हळूहळू वाढवा. प्रथम एक प्रतिस्पर्धी, मग तीन.

झेल घेतल्यावर चेंडू लगेच खेळवण्याची सवयही आताच लावा. 2025-26 च्या हंगामापासून गोलरक्षकाने चेंडू आठ सेकंदांहून अधिक वेळ हातात ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारायचा फटका, मिळतो, म्हणजे नुकत्याच परतवलेल्या संकटाला पुन्हा तोंड द्यावे लागते.

आणि पालकांशी आपण स्वतः बोला. पुढे येऊन चुकला तर पुढचे दोन महिने त्याला कोणी काही बोलणार नाही, हे त्याच्यासमोरच त्यांना सांगा.