लंडन ते टोकियो ९,६०० किमी, मग विमानाला १४ तास कसे लागतात?

निळी_वही:
आई पहिल्यांदाच एकटी लंडनहून माझ्याकडे टोकियोला येणारे, गुडघे दुखतात म्हणून डायरेक्ट फ्लाइटच बघतेय. नेटवर अंतर साधारण ९,६०० किमी दाखवतंय, विमान ताशी ९०० ने जातं असं धरलं तर पावणेअकरा तासांत पोचायला हवं ना? पण तिकिटावर जवळजवळ १४ तास आणि परतीला त्याहून जास्तच. ओळखीतले एकजण म्हणतात पूर्वी १२ तासांत व्हायचं. नक्की कुठला आकडा धरू?

होकायंत्र:
तिकिटावरचाच धरा ताई. ९,६०० हे गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. पृथ्वीगोलावर लंडनपासून टोकियोपर्यंत दोरा ताणून बघा, तो स्कँडिनेव्हियाकडे वर चढतो आणि अख्खा सायबेरिया ओलांडून खाली उतरतो. १२ तासांचा प्रवास व्हायचा तो याच वाटेने. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ब्रिटन आणि युरोपियन युनियनने रशियन विमानांना आपलं आकाश बंद केलं, रशियानेही त्यांना बंद केलं, जपानी कंपन्याही आता तिथून जात नाहीत. त्यामुळे लंडनहून निघालेलं विमान दक्षिणेकडून कॉकेशस, कझाकस्तान, चीन असं वळसा घालून येतं.
परतीचं तर अजून भारी आहे. जायचंय पश्चिमेला पण बऱ्याचदा विमान निघतं ईशान्येला, पॅसिफिकवरून अलास्का, मग कॅनडाचं उत्तर टोक, ग्रीनलंड, आइसलंड आणि तिथून लंडन! कारण जेट स्ट्रीम. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा वारा हिवाळ्यात जपानच्या आसपास फार जोरात असतो, त्याच्या तोंडावर जाण्यापेक्षा सुरुवातीला तो पाठीशी घेऊन लांबून गेलेलं परवडतं. येताना तोच वारा मागून ढकलतो म्हणून येताना थोडा वेळ कमी.

खिडकीची_सीट:
वरच्यात भर. हे पहिल्यांदा होत नाहीये. शीतयुद्धात पण सोव्हिएत आकाश बंद असायचं, तेव्हा युरोप-टोकियो विमानं अलास्कात अँकरेजला उतरून इंधन भरायची. १९८३ मध्ये फिनएअरने हेलसिंकी-टोकियो उत्तर ध्रुवाच्या बाजूने न थांबता सुरू केलं, आणि २०२२ नंतर त्यांची विमानं पुन्हा ध्रुवावरून जायला लागली, साडेनऊ तासांचे तेरा झाले. मला नकाशावर हे बघायला प्रचंड आवडतं.

निळी_वही:
बापरे, आता कळलं. मग संध्याकाळी ७ ला निघाली तर इथे कधी पोचेल? घड्याळाचा हिशोब जमत नाहीये.

होकायंत्र:
तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात, आणि प्रवासाचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा, म्हणजे रनवेपर्यंत जाणं वगैरे त्यातच आलं. हिवाळ्यात टोकियो ९ तास पुढे. ७ ला निघून १४ तास म्हणजे लंडनचे सकाळचे ९, तेव्हा टोकियोत दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे ६. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर लंडनचं घड्याळ एक तास पुढे असतं, जपान बदलत नाही, तेव्हा फरक ८ आणि पोचायची वेळ ५. आईंना आइल सीट घ्या, कोणाला न उठवता दर दोन तासांनी चालता येईल, आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, टोकियोत इमिग्रेशनची रांग लांब असली तर गुडघ्यांचे हाल होतात.