उधाणाचं पाणी गटारातून घरात येतंय, बैठकीत मागायचं काय?

वेसावची_लेक: आमचं घर वर्सोवा कोळीवाड्यात, खाडीच्या अंगाला. आधी पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणालाच पायरी भिजायची. यंदा कोजागिरीला आभाळ कोरडं ठाक, तरी भर दुपारी गटारातून काळं पाणी वर आलं. आईची सुक्या जवळ्याची टोपली गेली. आता वॉर्डात बैठक आहे आणि सगळ्यांचं एकच, भिंत बांधा. तेच मागू का?

बंदरपाखाडी: भिंतच मागा! मरीन ड्राइव्हला लाटा अडवायला काँक्रीटचे टेट्रापॉड टाकले, आपण काय घोडं मारलंय?

निवृत्त_गटारवाला: ताई, पाणी गटारातून आलं असं तुम्हीच लिहिलंय. मग भिंत अडवणार काय? उलट पावसाचं पाणी आत कोंडेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला आणि त्याच दुपारी 4.48 मीटरची भरती होती. पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

तुमच्या गल्लीचं गटार खाडीत कुठं उघडतं, ते सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरून बघा. तोंडाला झडप हवी, म्हणजे आतलं बाहेर जातं आणि भरतीचं आत येत नाही. असली तरी कचरा अडकून उघडी राहते. आम्हाला एकीत गादी सापडली होती. अख्खी गादी, उशीसकट.

आणि दर उधाणाला पाणी जिथवर चढेल तिथं भिंतीवर रेघ मारा. शेजारी तारीख, वेळ, भरती-ओहोटीच्या कोष्टकातली त्या वेळची भरतीची उंची. महापालिका साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते ते पावसाळ्यापुरते. तुमची कोजागिरी त्यात येणारच नाही, ती तुम्हीच दाखवायची.

वेसावची_लेक: काका, नकाशावर ती धोक्याची रेषा असते ना? तिच्या आत आलो तर उठवतील म्हणून लोक तक्रारच करायला घाबरतात.

निवृत्त_गटारवाला: 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, अधिसूचनेतली. समुद्राची पातळी वाढणार हे धरून भारतीय सर्वेक्षण विभागानं ती आखली. पण तिचा उपयोग आपत्ती नियोजनासाठी सांगितलाय, तिनं घरावर बंदी येत नाही. तुम्हीच तो नकाशा घेऊन जा आणि विचारा, आमच्या गल्लीसाठी यात काय नियोजन केलंत?

बंदरपाखाडी: बरं, भिंत राहू दे. पण झडप साफ कोण करणार, तेही लिहून घ्या.

वेसावची_लेक: आज सुकतीला जाऊन आले. झडप नाहीच, गंजलेली बिजागरं तेवढी आहेत. फोटो काढला. कोजागिरीची रेघही मारली, होडीच्या उरलेल्या निळ्या रंगानं. माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं आली.