मदत हवी आहे: जेनकिन्स कंटेनरमध्ये आहे, टेस्टच्या कंटेनरला सोर्स कोड दिसतच नाही

सीआय सर्व्हर (कोड बदलला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारा) म्हणून जेनकिन्स डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) चालवतोय, उबंटू सर्व्हर आहे, होस्टचं (म्हणजे मूळ सर्व्हरचं) डॉकर सॉकेट आत माउंट केलंय, म्हणजे आतून होस्टच्याच डॉकरला कमांड देता येतात. साधे बिल्ड, इमेज (कंटेनरचा साचा) बनवणं, रजिस्ट्रीत (इमेज साठवायची जागा) पुश, सगळं व्यवस्थित. पण इंटिग्रेशन टेस्टसाठी पाइपलाइनमधून डॉकर कंपोज (अनेक कंटेनर एकत्र चालू करणारं साधन) चालवलं की टेस्टच्या कंटेनरमध्ये सोर्सचा फोल्डर रिकामा येतो, एरर वगैरे काही नाही, टेस्ट फाइल सापडल्या नाहीत एवढंच.

परमिशन बघून झाल्या, तो प्रॉब्लेम नाही. टेस्टचा कंटेनर डॉकर इन्स्पेक्टने तपासला तर माउंटचा सोर्स पाथ जेनकिन्सच्या आतला वर्कस्पेस (जॉबचा कोड असलेला फोल्डर) दाखवतो, आणि होस्टवर त्याच नावाचा रूटच्या मालकीचा रिकामा फोल्डर तयार झालेला दिसतो. म्हणजे पाथ होस्टवर शोधला जातोय हे कळलं.

डॉकर-इन-डॉकर (कंटेनरच्या आत वेगळं डॉकर चालवणं) सुचवू नका प्लीज, त्याला लागणाऱ्या प्रिव्हिलेज्ड मोडला (कंटेनरला होस्टवर जवळजवळ पूर्ण अधिकार) आमच्याकडे परवानगी नाही (आणि ते बरोबरच आहे, जरी सॉकेट देणंही काही कमी धोक्याचं नाही). कोड इमेजमध्येच कॉपी करून बघितलं, चालतं, पण रिपोर्ट बाहेर काढायला दरवेळी डॉकर सीपी (कंटेनरमधून फाइल कॉपी करायची कमांड) करावं लागतं आणि मोठ्या रेपोला फार वेळ जातो.

आता विचार असा आहे की जेनकिन्स होम (जेनकिन्सचे जॉब आणि सेटिंग असलेला फोल्डर) होस्टवर आणि कंटेनरमध्ये अगदी एकाच पाथवर ठेवायचं, पण डेटा वेगळ्या डिस्कवर आहे आणि जुने जॉब बरेच आहेत. होमचा पाथ असा बदलला तर जुन्या जॉब आणि प्लगिनच्या सेटिंगमध्ये नेमकं काय तुटतं, की पाथ तोच ठेवून होस्टवर सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट) दिली तरी भागेल?