टाकीत उरलेलं तेल: तुम्ही काय केलंत?

ओसरी
काल बेसमेंटमध्ये प्लंबरने घर तापवायच्या तेलाच्या जुन्या टाकीची नळी सोडवली, थोडं तेल जमिनीवर सांडलं. रॉकेलसारखा वास आला आणि मी थेट साताऱ्यात, रेशन दुकानाच्या रांगेत. एका हातात पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात नसराळं, आणि आईने निघताना दिलेली ताकीद: सांडू नकोस, महिनाभर पुरवायचंय.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. घर जुनं, इतकी वर्षं तेलाच्या बॉयलरवर तापलं. यंदा हीट पंप (विजेवर घर तापवणारं यंत्र) बसवला, टाकी काढायची आहे. टाकी इकडे सगळ्यांकडे असते तीच, २७५ गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या वर. काटा अजून निम्म्यावर आहे. तेलवाले म्हणाले परत घेत नाही, एका घरचं तेल दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या टाकीत ओतत नाही. टाकी नेणारा म्हणतो तेल मी नेतो, पण त्याचे वेगळे पैसे पडतील. चांगलं जळणारं तेल पैसे देऊन फेकायचं हे माझ्या मनाला अजिबात पटत नाही. दोन गल्ल्या सोडून एक आजी एकट्या राहतात, त्यांचं घर तेलावरच आहे. त्यांना द्यावं असं वाटतंय.

कुणी असं तेल काढून दिलंय का? कशाने काढलंत, कशात भरलंत, पुढे काही त्रास झाला का? लिहा. नुसत्या आठवणी असल्या तरी लिहा, रॉकेलच्यासुद्धा.

खटपट्या
दिलंय. न्यू हॅम्पशायर. माझ्या टाकीतून शेजाऱ्याच्या टाकीत.
फिरवायचा हातपंप मिळतो तो घ्या. नळी वरच्या तोंडातून सोडा आणि तळापासून वीतभर वरच ठेवा. खाली गाळ असतो, पाणी असतं, त्या पाण्यात वाढलेली बुरशीसारखी घाण असते. ती आजींच्या टाकीत गेली की थंडीत त्यांचा बर्नर बंद पडणार. काठीला पाणी शोधायची पेस्ट लावून तळाशी टेकवा, रंग बदलला की पाणी किती वर आलंय ते दिसतं.
कॅन पिवळे घ्या. इकडे लाल पेट्रोलचा, निळा रॉकेलचा, पिवळा डिझेलचा, आणि हे तेल डिझेलचंच भावंड. ५ गॅलनचा भरलेला कॅन १६ किलोच्या आसपास जातो, बेसमेंटच्या जिन्यावर दोघं असा.
आजींकडे ओतण्याआधी त्यांचा बॉयलर बंद करा. ओतल्यावर काही तास तसाच राहू द्या, ढवळलेला गाळ खाली बसू दे, मगच सुरू करा. आणि त्यांचा फिल्टर नवा घाला. हे शेवटचं विसरू नका.

पिठलंभाकरी
नसराळं!! किती वर्षांनी हा शब्द वाचला

आजोळ
आम्ही कनेक्टिकट. घर विकलं तेव्हा टाकीत तेल होतं, वकिलाने व्यवहाराच्या दिवशी काटा बघून गॅलनमागे भाव लावला आणि नव्या मालकाकडून तेवढे पैसे हिशोबात मिळाले. इकडची रीतच आहे ती. पण ओसरीताई तुम्ही घर विकत नाही आहात त्यामुळे उपयोग नाही, सहज सांगितलं.

हिमगौरी
मेनमधून. इथे निम्म्याहून जास्त घरं तेलावर, त्यामुळे हा विषय आमच्याकडे हवापाण्यासारखा रोजचा.
बर्फाच्या वादळात आमचं तेल संपलं होतं. आई-बाबा पुण्याहून आलेले, आई तीन शाली गुंडाळून ओट्यापाशी. गाडी येणार दुसऱ्या दिवशी. नवरा पंपावर जाऊन ५ गॅलन डिझेल घेऊन आला, टाकीत ओतलं, नळीतली हवा काढली, बॉयलर लागला. बाबा तोंडात बोट घालून बघत होते, गाडीचं डिझेल आणि घर तापतंय! तेव्हापासून ते पुण्यात सगळ्यांना हीच गोष्ट सांगतात.
आजींची टाकी घराबाहेर असेल तर मात्र बघा. हे तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, नळीत अडकतं. बाहेरच्या टाक्यांत म्हणून रॉकेल मिसळतात.

पिठलंभाकरी
हिमगौरी, आई आता कशा आहेत? मागे गुडघ्याचं लिहिलं होतंस

हिमगौरी
अगं बरी आहे, जिने चढते आता. विचारलंस म्हणून बरं वाटलं.

डोंगरदऱ्या
डिझेलचंच भावंड तर मग डिझेल गाडीत का नाही घालायचं? माझ्याकडे जुनी पिकअप आहे. प्रामाणिक प्रश्न.

खटपट्या
कारण कर. रस्त्यावरच्या डिझेलवर कर आहे, घरच्या तेलावर नाही, म्हणून घरचं तेल लाल रंगवतात. गाडीच्या टाकीत लाल तेल सापडलं तर केंद्राचा दंड हजार डॉलर किंवा गॅलनमागे दहा डॉलर, जे जास्त असेल ते. राज्याचं वेगळं. रंग सहज जात नाही, नंतर साधं डिझेल भरलं तरी लाली राहते.
आणि जुन्या तेलात गंधक जास्त. मॅसॅच्युसेट्समध्ये १ जुलै २०१८ पासून दहा लाखांत १५ भाग एवढंच गंधक चालतं, त्याआधीचं तेल टाकीच्या तळाशी शिल्लक असेल तर नव्या इंजिनाची धूर गाळायची यंत्रणा खराब होईल. बॉयलरला ते चालतं.

स्प्रेकाठ
जर्मनीतही हेच. हाइत्सओल, म्हणजे घर तापवायचं तेल, लाल, गाडीत घातलं तर करचुकवेगिरी, रस्त्यात कस्टमवाले टाकीतून नमुना घेतात. आमच्या घरमालकाने तेल काढून ग्यासचा बॉयलर घेतला तेव्हा टाकी साफ करणारेच तेल घेऊन गेले आणि बिलातून थोडे पैसे वजा केले. म्हणजे कोणी घेणारे असतात, दोन-तीन ठिकाणी फोन करून बघा.

मनमाडकर
रंगाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आपल्याकडे रेशनचं रॉकेल निळं, ते डिझेलमध्ये मिसळू नये म्हणून. तरी मिसळायचे. आमच्या गावाजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत, टँकरची रांग रात्रंदिवस. २५ जानेवारी २०११ ला अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथे भेसळीचा प्रकार बघून थांबले आणि त्यांना भरदिवसा पेटवून दिलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. आमच्या शाळेत झेंडा चढला पण सर बोलूच शकले नाहीत. गरिबाच्या चुलीसाठी स्वस्त दिलेलं तेल, त्याच्या नफ्यापायी एक चांगला अधिकारी गेला. तेलाचा रंग म्हटलं की मला तेच आठवतं.

ओसरी
मनमाडकर, लिहिलंत ते बरं केलंत. ती बातमी वाचून आम्ही सगळे सुन्न झालो होतो.

गोदाकाठ
नाशिककर असल्याने तो दिवस पक्का लक्षात आहे. कर्मचारी संपावर गेले होते नंतर.

कुंदाप्रेमी
रॉकेलच्या आठवणी तर आठवणी. आमच्या बेळगावच्या घरी पंपाचा पितळी स्टो. आधी वाटीत काकडा पेटवायचा, बर्नर तापला की पंप मारायचा, आणि भोकात कचरा अडकला की पिन. पिन सापडली नाही की आजीचा आवाज चार घरं ऐकू जायचा. ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यात रॉकेल, सायकलची चेन धुवायला रॉकेल, हाताला लागलेला ऑइलपेंट काढायला रॉकेल. आज विचार केला की काटा येतो अंगावर, त्याच खाटेवर रात्री झोपायचो.

पिठलंभाकरी
आणि तो स्टोचा आवाज! भर्रर्र. तो बंद झाला की घर एकदम शांत व्हायचं आणि चहा तयार

सावली_
स्टोच्या भडक्यात आमच्या शेजारच्या काकू गेल्या. तेव्हा सगळे ‘स्टोचा भडका’ म्हणायचे आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. मला त्या आवाजाची अजून भीती वाटते. विषयांतर आहे, पण लिहावंसं वाटलं.

कुंदाप्रेमी
सावली, नाही गं विषयांतर. आमच्या गल्लीतही एक. कुणी विचारलं नाही हे खरं.

तोक्योकर
जपानमध्ये घरोघरी रॉकेलचे हीटर अजून जोरात आहेत. थंडीत रॉकेलची छोटी गाडी गाणं वाजवत गल्लीत येते, मुलं खिडकीत धावतात. १८ लिटरचे प्लास्टिकचे कॅन, तोक्योकडे लाल, ओसाकाकडे निळे. तिकडून बदलून आलेल्या मित्राच्या बाल्कनीत निळा कॅन बघून आम्ही त्याला पाण्याचा समजलो होतो 😀
उरलेल्याबद्दल इथे एकच सांगतात, मागच्या थंडीचं रॉकेल पुढच्या थंडीत वापरू नका. उन्हात, उन्हाळ्याच्या गरमीत ते बिघडतं, पिवळं पडतं, आंबूस वास येतो, हीटरची वात खराब होते. उरलंच तर पंपावर नेऊन देतात.

डोंगरदऱ्या
मग ओसरींचं तेल कितीतरी वर्षांचं असेल, ते कसं चालेल?

खटपट्या
बेसमेंटची टाकी अंधारात, बंद, तापमान फार बदलत नाही. आणि बॉयलरमध्ये तेल फवारून जाळतात, वात नाही. दरवर्षी वर नवीन भरलं जातं ते वेगळंच. वरचं तेल स्वच्छ लाल दिसत असेल तर मला काळजी नाही. काळपट, गढूळ असेल तर देऊ नका.

माळरान
दिवाळीला कंदिलात घातलं तर चालेल का? थोडंसं घेऊन ठेवायचं मनात आहे

खटपट्या
नको. कंदील, वातीचा स्टो, रॉकेल हीटर, कशातच नाही. हे रॉकेलपेक्षा जड, वातीवर काजळी धरतं, खोलीत धूर होतो. आणि या तेलासाठी आधी पेट्रोल ठेवलेला कॅन चुकूनही वापरू नका. कॅन नवा घ्या, पैसे वाचवू नका तिथे.

लागनकाठ
बेलफास्टहून. उत्तर आयर्लंडमध्ये जवळजवळ तीनातल्या दोन घरांत तेलाचा बॉयलर, आणि तेल म्हणजे खरंखुरं रॉकेल. पहिल्यांदा टाकी भरली तेव्हा अंगणभर आमच्या इचलकरंजीच्या रेशन दुकानाचा वास.
गाडीवाले ठरावीक लिटरच्या खाली येत नाहीत. ज्यांच्याकडे एकरकमी तेवढे पैसे नसतात ते पेट्रोल पंपावरून २०-२० लिटरचे ड्रम नेतात, आणि ते लिटरमागे महाग पडतं. म्हणजे ज्याच्याकडे कमी, त्यालाच महाग. मी रुग्णालयात काम करते, थंडीत घर न तापवणारी म्हातारी माणसं रोज बघते. ओसरी, त्या आजींना नक्की द्या. फक्त फुकट म्हटलं तर घेणार नाहीत कदाचित. ‘मला टाकी रिकामी करून हवीय, मदत करा’ असं म्हणा.

ओसरी
लागनकाठ, अगदी असंच करते. किती नेमकं सांगितलंत.

आजोळ
एक फार महत्त्वाचं राहिलं, कुणीच लिहिलं नाही!! टाकी काढलीत की घराबाहेरची भरायची नळी त्याच दिवशी काढा, नुसतं झाकण लावून सोडू नका. आमच्या ओळखीत टाकी गेली, नळी भिंतीत तशीच. तेल कंपनीच्या यादीत घर राहिलं होतं, ड्रायव्हर आला, नळीला पाइप लावला आणि तेल थेट बेसमेंटमध्ये. टाकी भरत असताना हवेच्या नळीतून शिट्टी वाजते आणि भरली की थांबते, ड्रायव्हर त्यावरच असतो. इथे शिट्टी वाजलीच नाही तरी तो भरत राहिला. खालची माती उकरून न्यावी लागली, महिनोन्‌महिने घर सोडून राहिले बिचारे. साध्या गृहविम्यात तेलगळती बऱ्याचदा धरलेली नसते. तेल कंपनीला लेखी कळवा, नळी काढून भोक सिमेंटने बुजवा.

हिमगौरी
बाप रे. हो हो, नळी आधी!

खटपट्या
आजोळ बरोबर. मी वर लिहायला हवं होतं. आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आजींच्या टाकीलाही तेलाच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा नळीला आवरण असणं कायद्याने लागतं, २०११ पासून बहुतेक लहान घरांना. मेकॅनिक फिल्टर बदलायला येईल तेव्हा तेवढं बघून घ्यायला सांगा.

माळरान
तळाचा गाळ आणि पाणी, त्याचं काय करायचं?

स्प्रेकाठ
टाकीवाल्यालाच द्या. तेवढ्याचे पैसे देणं बरोबर आहे. नाल्यात किंवा परसात अजिबात नाही, विहिरी असतात आजूबाजूला.

ओसरी
आजींशी बोलले. हो म्हणाल्या, आणि लगेच विचारलं की तुम्ही माशाचं सूप खाता का. टाकी बेसमेंटमध्येच आहे, जागा आहे. त्यांचा मेकॅनिक शनिवारी येतोय फिल्टर आणि व्हॉल्व्ह बघायला, त्यानंतर तेल नेऊ. वरून काढून बाटलीत बघितलं, स्वच्छ लाल आहे. नळीचं प्लंबरला सांगितलंय, टाकी जाईल त्याच दिवशी नळी.
खटपट्या, तो हातपंप किती टिकाऊ आहे? एकदाच्या कामासाठी विकत घ्यावा का?

खटपट्या
विकत नका घेऊ. न्याशुआच्या बाजूला येणं होत असेल तर माझा न्या, दोन कॅनही देतो. परत देताना पुसून द्या, बस.

कुंदाप्रेमी
न्याशुआला जाताय तर वाटेत कुंदा पोचवू का? मी लॉवेलला आहे 🙂

पिठलंभाकरी
कुंदा मलाही!! आणि ओसरी, माशाचं सूप खाणार का तुम्ही?