बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: जंगल शहराच्या पोटात टिकलं कसं?

पायवाटकरी: मंडळी, जानेवारीत कॉलेजच्या मुलांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात न्यायचं आहे. कान्हेरीची लेणी बघायचीच आहेत, पण नुसती 'लेणी, बिबटे, परत' अशी सहल नको. चहूबाजूंनी इमारती असताना १०० चौ. किमीच्या वर जंगल इथे टिकलंच कसं, हे मुलांना जागेवर दाखवता येईल का? आणि कारवीची झुडपं त्या वेळी फुललेली दिसतील का?

खडकमाळ: जंगल टिकलं ते मुख्यतः पाण्यापायी, आणि हे जागेवर नक्की दाखवता येतं. मुंबईला नळाचं पाणी मिळावं म्हणून मिठी नदीच्या उगमाकडे बांध घालून विहार तलाव केला, तो १८६० मध्ये पुरा झाला. पुढे १८७९ मध्ये तुळशी. पिण्याचं पाणी साठवायचं तर भोवतालचे डोंगर मोकळे राखावे लागतात, त्यामुळे पाणलोटातली वस्ती आणि शेती हटवली गेली. ज्यांची गावं गेली त्यांना याची किंमत मोजावी लागली, हेही मुलांना सांगा. कृष्णगिरी नावाचं छोटं उद्यान आलं ते नंतर. मग ते वाढत वाढत बोरिवली राष्ट्रीय उद्यान झालं आणि संजय गांधींचं नाव त्याहून उशिरा लागलं.

विहार आणि पवईचं सांडव्याचं पाणी आजही मिठीत जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. या डोंगरांवर झाडांऐवजी काँक्रीट असतं तर ते सगळं पाणी किती वेगाने खाली आलं असतं, हा प्रश्न मुलांना तिथेच विचारा.

कान्हेरीत मूर्तींआधी पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, बघा. शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेकांच्या दाराशी एका अंगाला खडकात खोदलेली पाण्याची टाकी असते. तोंड लहान, पोट आत मोठं, म्हणून ऊन कमी लागतं आणि पाणी कमी उडतं. मग मान वर करून कातळ बघा: छताच्या वर खोदलेल्या बारीक पन्हळी दिसतील. उतारावरचं पावसाचं पाणी त्या वळवून टाक्यात सोडतात. पन्हळीत पालापाचोळा साचला की पाणी बाजूने लेण्यात झिरपतं आणि भिंतीवर काळे ओघळ उठतात. पोढी खोदून दिल्याचे ब्राह्मी लेखही इथे आहेत, म्हणजे पाण्याची सोय करून देणं हेच दान. ३ क्रमांकाचा चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, शेवटी ठेवा, नाहीतर मुलं तिथेच रमतात आणि वर चढत नाहीत.

ऐनसावली: जानेवारीत कारवी फुललेली दिसणार नाही. ती आठ वर्षांनी एकदा फुलते, तीही ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास. इथला मोठा बहर २०१६ आणि २०२४ चा, म्हणजे पुढचा २०३२ च्या आसपास. अधल्यामधल्या वर्षी एखादा तुरळक पट्टा फुलतो, त्यावर भिस्त ठेवू नका. बहरानंतर झाडं वाळून मरतात. वाळलेली बोंडं तडकून बी उडतं आणि पावसात नवी रोपं दाट उगवतात. वाळलेल्या काठ्या बघून 'जंगल मेलं' म्हणू नये. याच काठ्यांच्या कुडावर शेणमाती लिंपून पाड्यांवर भिंती होत आल्या आहेत.

जानेवारीच्या शेवटी पळस, पांगारा, काटेसावर यांची फुलं सुरू होतात. त्यावर पक्षी बघायला सकाळचे पहिले दोन तास उत्तम.

तळ्याकाठी: बिबट्याबद्दल मुलांना नीट सांगा, विषय येणारच. २०१५ च्या कॅमेऱ्यांच्या अभ्यासात उद्यान आणि शेजारची आरे वसाहत मिळून १४० चौ. किमीत ३५ बिबटे ओळखले गेले. चितळ-सांबराच्या जोडीला ते भटकी कुत्री भरपूर खातात आणि कुत्री वाढतात उघड्या कचऱ्यावर. वस्तीच्या कडेला बिबट्या दिसतो त्यामागे बहुतेकदा हीच साखळी असते. पिंजरा लावून एक नेला तर मोकळ्या हद्दीत दुसरा येतो. पिंजऱ्याआधी कचराकुंडी हलवली पाहिजे.

आता व्यवस्थेचं. सोमवारी उद्यान बंद, तो वार टाळा. मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. तिथून कान्हेरी सहा-सात किमी, चढाचा रस्ता. मोठ्या गटाने चालत गेलात तर लेण्यांपर्यंत पोरं दमतात, म्हणून जाताना वाहन, येताना पायी. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते पुरातत्त्व खात्याचं. उद्यानातली शिलोंड्याची जंगलवाट परस्पर धरू नका, आधी उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातून परवानगी आणि वाटाड्या घ्या. खाऊच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवल्या तर माकडं ओढतात. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून.

पायवाटकरी: आभार. मग पोढ्या आधी, चैत्य शेवटी, उतरताना पायी. तुळशी तलावापर्यंत मुलांना नेता येतं का?

खडकमाळ: नाही, तो पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, सरसकट जाऊ देत नाहीत. कान्हेरीच्या माथ्यावर चढा, आजूबाजूचं रान आणि पलीकडचं शहर तिथून एका नजरेत दिसतं.