अस्थिर बायोटेक समभाग दीर्घकाळ धरून ठेवल्यास प्रत्यक्ष परतावा किती मिळतो?

प्रश्न

माझ्याकडे एका बायोटेक कंपनीचे समभाग बरीच वर्षे आहेत. कंपनीचे एकही औषध अजून बाजारात आलेले नाही. दोन औषधांच्या चाचण्या सुरू असून त्यांपैकी एक तिसऱ्या, म्हणजे मंजुरीआधीच्या शेवटच्या, टप्प्यात आहे. भाव एखाद्या वर्षी दुप्पट होतो आणि पुढच्या वर्षी निम्म्यावर येतो. वर्षागणिक परताव्याची सरासरी काढली तर ती 25 टक्क्यांच्या आसपास भरते, आणि तरीही गुंतवलेली रक्कम जवळपास होती तेवढीच आहे. दीर्घ मुदतीत चढउतार निवळतात आणि जास्त जोखमीचा मोबदला धीर धरणाऱ्याला मिळतोच, असे मी वाचत आलो आहे. हे एकट्यादुकट्या समभागाला लागू पडते का, आणि असा समभाग आणखी दहा वर्षे ठेवायचा तर अपेक्षा नेमकी कशाच्या आधारावर बांधावी?

उत्तर 1

आपल्या सरासरीचे कोडे आधी सोडवू. 100 टक्के वाढ आणि त्यानंतर 50 टक्के घट यांची साधी सरासरी 25 टक्केच येते, पण 100 चे 200 होऊन पुन्हा 100 झालेले असतात, म्हणजे चक्रवाढीने मिळालेला परतावा शून्य आहे. हातात जे पडते ते चक्रवाढ दराने पडते, साध्या सरासरीने नव्हे. या दोहोंतील अंतर अस्थिरतेबरोबर वाढत जाते: ढोबळमानाने हे अंतर प्रमाण विचलनाच्या (परतावा सरासरीपासून किती दूर जातो याचे माप, म्हणजेच अस्थिरता) वर्गाच्या निम्मे असते. वार्षिक अस्थिरता 20 टक्के असेल तर सरासरीतून सुमारे 2 टक्के वजा होतात. 60 टक्के असेल तर 18 टक्के वजा होतात, आणि लहान बायोटेक कंपन्यांच्या बाबतीत 60 हा आकडा मुळीच अतिशयोक्त नाही. शिवाय 80 टक्के घसरलेला भाव मूळ पातळीवर यायला पाचपट व्हावा लागतो.

म्हणून वर्षावर्षाचे टक्के बाजूला ठेवा आणि प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख व रक्कम मांडून एक्सआयआरआर, म्हणजे तारखा धरून काढलेला वार्षिक चक्रवाढ परतावा, काढा. त्याच तारखांना तेवढीच रक्कम बाजाराच्या व्यापक निर्देशांकात घातली असती तर काय झाले असते, हा हिशेब शेजारी मांडल्याशिवाय आपल्या धीराची किंमत कळणार नाही.

उत्तर 2

गणित वरील उत्तरात नीट आले आहे; मला कंपनीच्या बाजूने पाहावेसे वाटते, कारण दहा वर्षांनंतरचा परतावा शेवटी औषध चालले की नाही यावरच ठरतो. पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी दहातले एखादेच मंजुरीपर्यंत पोहोचते. तिसऱ्या टप्प्यातील औषधाची शक्यता यापेक्षा बरीच चांगली असते, परंतु चाचणीचा निकाल ज्या दिवशी लागतो त्या दिवशी भाव पायऱ्यापायऱ्यांनी उतरत नाही, तो थेट कोसळतो. मार्च 2019 मध्ये अल्झायमरवरील अ‍ॅड्युकॅन्युमॅबच्या चाचण्या थांबवल्याचे जाहीर होताच बायोजेनसारख्या मोठ्या, नफ्यातील कंपनीचा भाव एका दिवसात चतुर्थांशाहून अधिक घसरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच औषधाच्या बातमीवर तो एका दिवसात सुमारे चतुर्थांशाने वर गेला. अशा वेळी स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की विकण्याची आगाऊ सूचना) कामाला येत नाही, कारण मधल्या भावांना सौदाच होत नाही.

आता धीराविषयी. रीजेनेरॉन आणि व्हर्टेक्स या दोन्ही अमेरिकी बायोटेक कंपन्या 1991 मध्ये बाजारात आल्या. रीजेनेरॉनचे आयलिया हे औषध 2011 मध्ये आणि व्हर्टेक्सचे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारावरील कॅलिडेको 2012 मध्ये मंजूर झाले. म्हणजे ज्या औषधांनी कंपन्यांचे भवितव्य बदलले त्यांच्यासाठी सुमारे दोन दशके थांबावे लागले. ही उदाहरणे धीराच्या बाजूने नेहमी दिली जातात, आणि ती खरीही आहेत. पण डेंड्रिऑन या कंपनीचेही उदाहरण त्यांच्याबरोबर ठेवले पाहिजे: तिच्या प्रोव्हेंज या कर्करोगावरील उपचाराला 2010 मध्ये मंजुरी मिळाली, विक्री अपेक्षेइतकी होत नाही हे 2011 च्या ऑगस्टमध्ये उघड होताच भाव एका दिवसात सुमारे दोन-तृतीयांशाने पडला आणि 2014 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. विज्ञानाने साथ देऊनही भागधारक बुडाले.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे नव्या समभागांची विक्री. उत्पन्न नसलेली कंपनी चाचण्यांचा खर्च बहुतेक वेळा नवे समभाग विकूनच भागवते. समजा कंपनीचे एकूण बाजारमूल्य तिप्पट झाले, पण त्या काळात समभागांची संख्या दुप्पट झाली, तर आपल्या वाट्याला दीडपटच येते. आपल्या कंपनीचा ताजा तिमाही अहवाल उघडा. रोख रक्कम व अल्पमुदतीच्या गुंतवणुकी यांच्या बेरजेला कामकाजात दर तिमाहीस खर्च होणाऱ्या रोख रकमेने भागा. 30 कोटी डॉलर हाताशी आणि तिमाहीस 5 कोटींचा खर्च असेल, तर सहा तिमाही पुरतील. निकाल त्यानंतर येणार असेल, तर त्याआधी नवे समभाग निघणार असे धरूनच चाला. पाच वर्षांपूर्वीच्या अहवालातील समभागसंख्या आजच्या संख्येशी ताडून पाहिली, तर व्यवस्थापनाची सवयही कळते.

उत्तर 3

मला मूळ प्रश्नातील गृहीतकच तपासावेसे वाटते. जोखमीचा मोबदला मिळतो तो विविध समभागांच्या मोठ्या समूहाला. जी जोखीम विविधीकरणाने, म्हणजे पैसे अनेक समभागांत विभागून, टाळता आली असती, तिचा मोबदला बाजार कुणाला देणे लागत नाही. वित्तशास्त्राचे प्राध्यापक हेन्ड्रिक बेसेम्बाइंडर यांनी 1926 पासूनच्या अमेरिकी समभागांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक समभागांचा आयुष्यभराचा परतावा एका महिन्याच्या ट्रेझरी बिलांपेक्षाही (अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या, जवळपास बिनजोखमीच्या रोख्यांपेक्षाही) कमी ठरला आणि बाजाराने निर्माण केलेली सगळी निव्वळ संपत्ती सुमारे 4 टक्के कंपन्यांच्या वाट्याला गेली. रीजेनेरॉन आपल्याला आठवते ते ती टिकली म्हणून. बंद पडलेल्यांची नावे कुणी घेत नाही.

परतावा खरेदीच्या भावावर किती अवलंबून असतो, हे कोविडची लस बनवणाऱ्या मॉडर्नाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. डिसेंबर 2018 मध्ये समभाग 23 डॉलरला विक्रीस आला, ऑगस्ट 2021 मध्ये त्याने 480 डॉलर ओलांडले आणि 2024 अखेर तो 42 डॉलरच्या खाली होता. प्रारंभी घेऊन सहा वर्षे धरून ठेवणाऱ्याला वार्षिक सुमारे 10 टक्के चक्रवाढ परतावा मिळाला, शिखराजवळ घेणाऱ्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक भांडवल गेले. कंपनी तीच, लस तीच.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. समभागसंख्या तपासली, माझ्या खरेदीपासून ती दुपटीच्या जवळ गेली आहे, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. एक उपप्रश्न: भाव दुप्पट झाला की निम्मे विकून मुद्दल काढून घ्यावे, हा नियम योग्य आहे का?

उत्तर 2

नियम म्हणून मला तो पटत नाही, कारण परताव्याचा मोठा भाग ज्या मोजक्या विजेत्यांतून येतो त्यांना तो लवकर कापतो. विक्रीचा निर्णय खरेदीच्या भावावरून करू नये, एकूण गुंतवणुकीतील त्या समभागाच्या वजनावरून करावा. हा समभाग उद्या सकाळी 70 टक्के खाली उघडला तर आपल्या एकूण पुंजीतून किती जाईल, ते काढा. ती रक्कम सोसवत नसेल, तर सोसवेल एवढे वजन होईपर्यंत तिसऱ्या टप्प्याच्या निकालापूर्वीच विका. उरलेले समभाग मात्र निकाल लागेपर्यंत जपून ठेवायला माझी हरकत नाही, मग भाव रोज कसाही हलो.