कोकणातल्या स्टुडिओत डिजिटल ऑडिओसाठी तांब्याची वायर हवीच कशाला?

खळ्यातलो: दोन खोल्यांमध्ये आवाज न्यायचा तर ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून सिग्नल नेणारी फायबर, यावर मी ठाम आहे. कुडाळला आमच्या पडवीत दशावताराचं रेकॉर्डिंग चालतं: पखवाज, झांज, पायपेटी, गायकांचे माइक. आठ चॅनलचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा) पडवीत, इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरला देणारा डबा) आत माजघरात. एडॅट या ऑप्टिकल पद्धतीची एक बारीक वायर आठही चॅनल नेते. वळवाच्या विजा कडाडल्या तरी प्लास्टिकच्या फायबरमधून करंट येणार नाही, अर्थिंगची घरघरही नाही.

रापणकर: आठ चॅनल ४८ किलोहर्ट्झ सँपल रेटपर्यंतच (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने). ९६ ला गेलास की चारच उरतात, ते सोयीस्करपणे गाळलंस. आणि टॉसलिंक, म्हणजे तुझी ती प्लास्टिकची ऑप्टिकल वायर, साधारण १० मीटरपर्यंतच भरवशाची. तुझी पडवी जवळ आहे म्हणून चाललंय. खळ्यापलीकडच्या मांगरात न्यायचं तर? कॅट-सिक्स ही नेटवर्कची तांब्याची वायर टाक, तिच्यावरून आवाज नेणारी दांते पद्धत घे, १०० मीटरपर्यंत चिंता नाही.

खळ्यातलो: आणि पहिल्या पावसात पोर्ट जळालं की? विजेनंतर मेलेले राउटर रिपेअरवाल्याच्या टेबलावर बघ जाऊन.

रापणकर: नेटवर्क पोर्टात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे घरघरीचा मुद्दा बाद. विजेचं मान्य. म्हणून उघड्यावरून जाणारा तेवढा टप्पा फायबरवर घ्यायचा आणि दोन्ही टोकांना नेटवर्क स्विच लावायचा. म्हणजे फायबर तुझंच, फक्त डोकं माझं.

वेंगुर्लेकर: खारो वारो कोणाक सोडता? माझ्या रॅकमधले एक्सएलआर या माइकच्या कनेक्टरचे पिन दोन पावसाळ्यांत काळे पडले, आरसीए कनेक्टर तर विचारूच नका. वर एका भावाने एईएस-ईबीयू या तांब्यावरच्या डिजिटल कनेक्शनला साधी माइक केबल लावलेली. त्याला ११० ओहमची केबल लागते. हातभर वायरवर निभावतं, लांब गेलं की सिग्नल तुटतो. मग दोष इंटरफेसला!

खळ्यातलो: बघा, पुन्हा तांबंच!

वेंगुर्लेकर: तुझंही सोवळं नाही. वापरात नसलेल्या ऑप्टिकल पोर्टाला झाकण लावतोस का? मातीची धूळ आत बसली की उजेड कमी पोचतो. फायबर काटकोनात वाकवलीस तरी तेच.

रापणकर: क्लॉक, म्हणजे दोन्ही मशीनना एका तालात ठेवणारा सिग्नल, कुठून घेतोस? दोन्ही मशीन आपापल्या इंटर्नल क्लॉकवर असतील तर टिकटिक येणारच, केबल सोन्याची आण नाहीतर काचेची.

खळ्यातलो: प्रीअँप मास्टर, इंटरफेस ऑप्टिकलवर लॉक. मांगराचं काम निघालं तर मॅडी ही जास्त चॅनलची डिजिटल पद्धत बघेन, दांते नाही. ६४ चॅनल, काचेच्या फायबरवर २ किलोमीटर.

रापणकर: पखवाज किती, एकच ना?